मराठी पॉडकास्टचे सगळे जुने भाग एकगठ्ठा लिहून काढायचे कसे? व्हिस्पर आणि सबटायटल एडिटची वाट

पॉडकास्ट दोन-तीन वर्षं चालला की पन्नास-साठ भाग साठतात. त्यात बोललेलं एकही वाक्य शोधून सापडत नाही आणि ऐकू न येणाऱ्या माणसाला तर त्यातलं काहीच मिळत नाही. ॲपल पॉडकास्ट्सने मार्च २०२४ मध्ये आपोआप ट्रान्स्क्रिप्ट, म्हणजे बोलण्याचा लिखित मजकूर, द्यायला सुरुवात केली ती इंग्रजी, फ्रेंच, जर्मन आणि स्पॅनिश या चार भाषांत. मराठीसाठी हे काम स्वतःच्या संगणकावर, मोफत सॉफ्टवेअरने करून घेता येतं. ध्वनिफाइल संगणकाबाहेर जात नाही, त्यामुळे अजून प्रसिद्ध न झालेली मुलाखतही निर्धास्त चालवता येते.

पन्नास फाइली रांगेत लावून रात्रभर यंत्र चालू ठेवणं हा यातला सगळ्यात सोपा भाग आहे. त्या पन्नासांत कोणत्या फाइली बिघडल्या हे सकाळी ओळखणं अवघड. म्हणून या लेखात बटणांपेक्षा तयारी आणि तपासणीला जास्त जागा दिली आहे.

काय काय लागेल

व्हिस्पर हे ओपनएआयने सप्टेंबर २०२२ मध्ये खुलं केलेलं, बोलणं ऐकून लिहून काढणारं मॉडेल. पहिल्या आवृत्तीला ६,८०,००० तासांचा आवाज ऐकवून शिकवलं होतं, पण त्यात मजकुरासह असलेला मराठी आवाज एका तासाचाही नव्हता. नोव्हेंबर २०२३ मध्ये आलेलं लार्ज-व्ही३ त्याहून कितीतरी अधिक, सुमारे ५० लाख तासांवर शिकलेलं आहे आणि मराठीत तो फरक स्पष्ट दिसतो. मॉडेलचे आकार टायनी, बेस, स्मॉल, मीडियम, लार्ज असे चढत जातात. इंग्रजीवरच्या लेखांत ‘स्मॉल पुरेसं आहे’ असं वाचायला मिळेल. मराठीसाठी ते ऐकू नका. टायनी आणि बेस मराठीत निव्वळ अक्षरांची खिचडी देतात, स्मॉलचा मजकूर दुरुस्त करण्यापेक्षा नव्याने टाइप करणं परवडतं. लार्ज-व्ही३ घ्या. टर्बो नावाचं एक हलकं मॉडेल २०२४ मध्ये आलं. त्यात मजकूर लिहिणाऱ्या भागाचे ३२ थर कमी करून ४ ठेवले आहेत, म्हणून ते बरंच वेगवान आहे. संगणक अगदीच हळू असेल तर दोन्ही एकाच तुकड्यावर चालवून ताडून पाहा.

सबटायटल एडिट हे विंडोजवर चालणारं मोफत सॉफ्टवेअर. व्हिस्परची वेगवेगळी इंजिनं, म्हणजे मॉडेल चालवणारे प्रोग्राम, त्यातूनच उतरवता येतात, फाइलींची रांग लावता येते आणि नंतरची दुरुस्ती आवाजाच्या आलेखावर बघत त्याच खिडकीत करता येते. या शेवटच्या सोयीसाठीच ते इथे निवडलं आहे. मॅक किंवा लिनक्स असेल तर बझ हे मोफत ॲप वापरा. त्याच्या प्रेफरन्सेसमध्ये एखाद्या फोल्डरवर लक्ष ठेवण्याची सोय आहे: त्या फोल्डरमध्ये फाइल टाकली की काम आपोआप सुरू होतं आणि मजकूर दुसऱ्या फोल्डरमध्ये जमा होतो. खाली सांगितलेली तयारी आणि तपासणी बझलाही तशीच लागू आहे.

एनव्हिडियाचं ग्राफिक्स कार्ड असेल तर काम कैकपटींनी लवकर होतं. फास्टर-व्हिस्पर या इंजिनात लार्ज मॉडेलला कार्डाची साधारण ५ जीबी मेमरी लागते, इंट८ हा हलका प्रकार निवडला तर ३ जीबीच्या आसपास. कार्ड नसेल तरी चालतं, फक्त वेळ लागतो. डिस्कवर १० जीबी तरी जागा मोकळी ठेवा, कारण मॉडेलच ३ जीबीचं आहे.

फाइली गोळा करणं

होस्टिंगवरून उतरवलेली एमपी३ आणि तुमच्याकडची एडिट झालेली मूळ फाइल यांत निवड असेल तर मूळ फाइलच घ्या. कारण आवाजाच्या दर्जाचं नाही, १२८ केबीपीएसची एमपी३ व्हिस्परला पुरते. कारण जाहिरातींचं आहे. बऱ्याच होस्टिंग सेवा डाउनलोडच्या वेळी जाहिराती घुसवतात, त्या दर वेळी वेगळ्या लांबीच्या असतात. अशा फाइलवरून काढलेले टाइमस्टॅम्प (प्रत्येक ओळीची वेळ) दुसऱ्या श्रोत्याच्या फाइलशी जुळत नाहीत, आणि मजकुरात भलतीच जाहिरात येते ती वेगळीच.

प्रत्येक वक्त्याचा माइक स्वतंत्र ट्रॅकवर रेकॉर्ड केलेला असेल आणि ते ट्रॅक जपून ठेवले असतील तर फारच उत्तम. प्रत्येक ट्रॅक वेगळा चालवा, म्हणजे कोण काय बोललं हा प्रश्नच उरत नाही. मात्र ते ट्रॅक अंतिम एडिटशी वेळेने जुळणारे हवेत. एडिट करताना कापाकापी झाली असेल तर त्याच प्रोजेक्टमधून ट्रॅक पुन्हा वेगवेगळे एक्स्पोर्ट करून घ्या.

आवाज फार दबका असेल तर उणे १६ एलयूएफएसपर्यंत (हे आवाजाच्या पातळीचं माप) सारखा करून घ्या. खरखर घालवणारे फिल्टर मात्र जोरात लावू नका. व्हिस्पर गोंगाटातला आवाज ऐकूनच शिकलेलं आहे. फिल्टरने व्यंजनांच्या कडा झिजल्या तर त्याला ‘त’ आणि ‘थ’ वेगळे करणं उलट जड जातं. फाइल वेव्हमध्ये बदलण्याचीही गरज नाही. इंजिन स्वतःच आवाज १६ किलोहर्ट्झ मोनो करून घेतं. एखाद्या इंजिनाला वेव्हच हवी असेल तर त्या दर्जात एका तासाला सुमारे ११५ एमबी लागतात, एवढं लक्षात ठेवा.

आता नावं. फाइलच्या नावात देवनागरी, जागा आणि विरामचिन्हं टाळा. काही इंजिनं विंडोजवर देवनागरी नावाची फाइल उघडतच नाहीत आणि रांग निमूटपणे पुढे सरकते. रोमन अक्षरं, तीन आकडी क्रमांक आणि तारीख एवढंच नाव ठेवा. क्रमांक ००१, ००२ असे लिहा, नाहीतर काही ठिकाणी १ नंतर १० आणि मग २ असा क्रम लागतो. तीन फोल्डर करा: पहिल्यात ध्वनिफाइली आणि त्यांच्याच शेजारी येणारा यंत्राचा कच्चा मजकूर, दुसऱ्यात दुरुस्ती चालू असलेल्या फाइली, तिसऱ्यात पक्क्या झालेल्या. पक्की फाइल ध्वनिफाइलशेजारी ठेवू नका. कधीतरी रांग पुन्हा चालवली जाते आणि चार तासांच्या दुरुस्तीवर कच्चा मजकूर येऊन बसण्याचा धोका असतो.

पहिली जुळणी

१. सबटायटल एडिट उघडा. पहिल्या वापरात ते ध्वनिफाइली वाचणारं एफएफएमपेग आणि आवाज वाजवणारा एमपीव्ही उतरवू का असं विचारेल. दोन्हींना होकार द्या.

२. व्हिडिओ मेनूत ‘ऑडिओ टू टेक्स्ट (व्हिस्पर)’ निवडा. इंजिनांच्या यादीतून पर्फव्ह्यूचं फास्टर-व्हिस्पर-एक्सएक्सएल घ्या. हे डाउनलोड मोठं आहे, घरच्या वायफायवर करा.

३. मॉडेल लार्ज-व्ही३ निवडा. ते पहिल्यांदा उतरवावं लागेल.

४. भाषा मराठी ठेवा. आपोआप ओळख चालू ठेवू नका.

५. ‘ट्रान्सलेट टू इंग्लिश’ ही चौकट रिकामी असल्याची खात्री करा.

चौथी पायरी नवख्यांकडून सगळ्यात जास्त चुकते. भाषा आपोआप ओळखायला सांगितली तर इंजिन सुरुवातीचे फक्त ३० सेकंद ऐकून निर्णय घेतं आणि तोच निर्णय अख्ख्या फाइलला लावतं. पॉडकास्टच्या पहिल्या ३० सेकंदांत असतं शीर्षकसंगीत किंवा प्रायोजकाचं इंग्रजी नाव. मग मराठी गप्पा हिंदी ठरतात आणि ‘आहे’च्या जागी ‘है’ येऊ लागतं. इंग्रजी ठरल्या तर मराठी बोलण्याचं मोघम इंग्रजी भाषांतर हाती येतं, तेही इतकं सुबक दिसतं की वरवर पाहणाऱ्याला चूक कळत नाही.

त्यानंतर ‘ॲडव्हान्स्ड’ बटणामागच्या सेटिंग. तिथे इंजिनाला द्यायच्या सूचनांची यादी दिसते. प्रत्येक सूचनेआधी दोन हायफन येतात आणि नावातले शब्द अंडरस्कोअरने जोडलेले असतात. आपल्याला दोनच हव्यात. पहिली, व्हीएडी फिल्टर चालू. हा फिल्टर आवाजात बोलणं कुठे आहे ते आधी शोधतो आणि शांतता व संगीत गाळतो. तो नसेल तर व्हिस्पर शांततेतही काहीतरी लिहितं: पाहिल्याबद्दल आभार, चॅनल सबस्क्राइब करा अशी कोणी न बोललेली वाक्यं. हे मॉडेल इंटरनेटवरच्या उपशीर्षकांवर शिकलेलं असल्याने शांततेशी त्याने हीच वाक्यं जोडली आहेत. दुसरी, कंडिशन ऑन प्रीव्हियस टेक्स्ट बंद. व्हिस्पर ३०-३० सेकंदांचे तुकडे ऐकतं आणि आधीच्या तुकड्याचा मजकूर पुढच्याला संदर्भ म्हणून देतं. एकदा का एखादं वाक्य दोनदा लिहिलं गेलं की तोच संदर्भ पुढे जातो आणि तेच वाक्य मिनिटामागून मिनिटं उमटत राहतं. संदर्भ बंद केला की हे चक्र तुटतं. बदल्यात नावांचं स्पेलिंग तुकड्यागणिक थोडं बदलू शकतं, पण ते नंतर दुरुस्त करता येतं. गिळलेली पाच मिनिटं नुसत्या दुरुस्तीने परत येत नाहीत.

इनिशियल प्रॉम्प्ट या सूचनेतून पाहुण्यांची, गावांची नावं आधीच सांगता येतात असं वाचनात येईल. येतात, पण मर्यादा दोन. प्रॉम्प्टचा शेवटचा २२४ टोकनांचाच (शब्दांच्या तुकड्यांचाच) भाग विचारात घेतला जातो आणि देवनागरीचं प्रत्येक अक्षरचिन्ह युनिकोडमध्ये तीन बाइटचं असल्याने मराठी शब्दाला इंग्रजीच्या मानाने कितीतरी जास्त टोकनं लागतात. शिवाय आधीचा संदर्भ बंद असेल तर हा प्रॉम्प्ट फक्त पहिल्या ३० सेकंदांना लागू होतो. त्यामुळे त्यावर फार वेळ घालवू नका. हॉटवर्ड्स ही सूचना तुमच्या आवृत्तीत असेल तर ती प्रत्येक तुकड्याला लागते, तिथे दहा-पंधरा नावं द्या.

आधी दहा मिनिटं

सगळी रांग लावण्याआधी एका भागातली दहा मिनिटं ऑडॅसिटी या ध्वनिसंपादकात कापून चालवा. सुरुवातीची नकोत, तिथे निवेदक सावकाश आणि वाचून बोलतो. मधली घ्या, जिथे दोघं एकमेकांना तोडत बोलतात, आकडे येतात, माणसांची नावं येतात. हा तुकडा ज्या दर्जाचा येईल तोच तुमच्या पन्नास भागांचा खरा दर्जा.

किती वेळ लागला तेही टिपा. दहा मिनिटांना चार मिनिटं लागली असं धरा. ४५ मिनिटांचे ५० भाग म्हणजे २,२५० मिनिटं, त्याला ९०० मिनिटं म्हणजे १५ तास लागतील. हा हिशेब आधी केला तर रांग एका रात्रीत बसते की तीन रात्रींत विभागायची हे ठरवता येतं.

हळू आवाजात बोलणाऱ्या पाहुण्याची वाक्यं गळत असतील तर व्हीएडीचा उंबरठा ०.५ च्या आसपास असतो तो ०.३ पर्यंत खाली आणा. निकाल सगळीकडेच वाईट असेल, विशेषतः मालवणी, अहिराणी किंवा वऱ्हाडी बोलणारे पाहुणे असतील, तर आयआयटी मद्रासमधल्या एआयफॉरभारत गटाने भारतीय भाषांसाठी केलेलं इंडिककन्फॉर्मर मॉडेल पाहण्यासारखं आहे. ते मराठीसह २२ भाषांचं आहे. त्यासाठी पायथॉनची थोडी ओळख लागते, सबटायटल एडिटमधून ते चालत नाही.

रांग लावणं

त्याच खिडकीत ‘बॅच मोड’ दाबा, ‘ॲड’ने फाइली निवडा, ‘जनरेट’ दाबा. एवढंच. प्रत्येक भागाची एसआरटी फाइल (वेळेसह मजकुराची, उपशीर्षकांची फाइल) मूळ ध्वनिफाइलशेजारी तयार होते.

एका रांगेत दहाच फाइली लावा. पन्नास लावता येतात, पण पहिल्या दहांत काही सेटिंग चुकलेली निघाली तर एक रात्रच वाया जाते, तीन नाही. सुरू करण्याआधी विंडोजच्या पॉवर सेटिंगमध्ये चार्जर जोडलेला असताना स्लीप ‘नेव्हर’ करा, झाकण मिटल्यावर काय करायचं तेही ‘डू नथिंग’ ठेवा आणि आपोआप होणारे अपडेट एक आठवडा पुढे ढकला. रात्रीत थांबलेल्या रांगांमागे बहुतेक वेळा स्लीप किंवा अपडेट असतो. लॅपटॉप गादीवर ठेवू नका, हवा खालून ओढली जाते आणि ती अडली की प्रोसेसर स्वतःला हळू करतो. वीज गेली तर पूर्ण झालेल्या फाइली शाबूत राहतात, चालू असलेली फाइल मात्र पहिल्यापासून करावी लागते.

कार्डाची मेमरी संपल्याची सूचना आली तर ब्राउझर आणि व्हिडिओ एडिटर बंद करा. तरीही आली तर इंट८ वापरा.

सकाळची तपासणी

सगळ्या फाइली वाचायला बसण्याआधी तीन गोष्टी बघा. दहा फाइलींना पंधरा-वीस मिनिटं लागतात.

पहिली: ध्वनिफाइली जेवढ्या तेवढ्याच एसआरटी आहेत का? दुसरी: प्रत्येक एसआरटीचा शेवटचा टाइमस्टॅम्प भागाच्या लांबीशी जुळतो का? भाग ४८ मिनिटांचा आणि मजकूर २२व्या मिनिटाला संपलेला, म्हणजे फाइल अर्धवट राहिली आहे किंवा मूळ एमपी३ मध्येच खराब आहे. तिसरी आणि सगळ्यात उपयोगी: एसआरटीच्या आकाराला भागाच्या मिनिटांनी भागा. तुमच्या पॉडकास्टचा मिनिटामागे केबी हा आकडा एका पट्ट्यात राहतो, कारण बोलणारा तोच आणि वेगही साधारण तोच. जी फाइल या पट्ट्याच्या खूप खाली असेल तिथे बोलणं गळालं आहे. खूप वर असेल तिथे वाक्य फिरत बसलं आहे. इतरांच्या निम्म्याच्या आसपास भरणारी फाइल अनेकदा इंग्रजी किंवा रोमन लिपीत गेलेली असते, कारण रोमन अक्षर एका बाइटचं असतं.

एकच वाक्य ओळीने अनेकदा आलं असेल तर जादा ओळी पुसून पुढे जाऊ नका. त्या ओळींच्या जागी खरं बोलणं होतं, ते लिहिलंच गेलेलं नाही. त्या ओळी निवडा आणि उजव्या क्लिकच्या मेनूतून तेवढ्याच भागावर इंजिन पुन्हा चालवा. पुन्हा तेच झालं तर तेवढा तुकडा कानाने ऐकून टाइप करा.

दुरुस्ती

मराठीत त्याच त्याच चुका येतात, म्हणून दुरुस्तीचीही एकगठ्ठा सोय करता येते. ‘ळ’चा ‘ल’ होतो. ‘दुसऱ्या’, ‘वाऱ्यावर’ यांतला ऱ्य जाऊन ‘दुसर्या’, ‘वार्यावर’ येतं. शब्दयोगी अव्ययं तुटतात: ‘पुण्या मध्ये’, ‘त्याच्या साठी’. ‘केलं’ आणि ‘केले’ एकाच परिच्छेदात मिसळतात. तुमच्या पॉडकास्टचं स्वतःचं नाव प्रत्येक भागात एकाच पद्धतीने चुकतं.

पहिले दोन-तीन भाग हाताने दुरुस्त करताना अशा जोड्यांची यादी करा आणि ती एडिट मेनूतल्या ‘मल्टिपल रिप्लेस’मध्ये भरा. टूल्स मेनूतल्या ‘बॅच कन्व्हर्ट’मध्ये याच पर्यायावर टिक केली की सगळ्या फाइलींवर ती यादी एकदम चालते. जोड्या करताना जपून. ‘सोला’चं ‘सोळा’ केलं की ‘सोलापूर’चं ‘सोळापूर’ होतं. ‘र्या’चं सरसकट ‘ऱ्या’ केलं तर ‘चर्या’ आणि ‘कार्यालय’ बिघडतात. शब्द पूर्ण द्या किंवा शेजारच्या शब्दासकट द्या: ‘सोला वर्षं’ ते ‘सोळा वर्षं’. आणि यादी नेहमी प्रतीवर चालवा.

शोध लागत नसेल तर युनिकोड तपासा. ‘ॲ’ हे एक अक्षर म्हणूनही साठवता येतं आणि ‘अ’वर चंद्र देऊनही. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, पण एक शोधून दुसरं सापडत नाही. ‘ऱ्य’चंही तसंच. एक रूप ठरवा आणि दुसरं त्यात बदलून घ्या, नाहीतर वाचकाला तुमच्या संकेतस्थळावर ‘ॲप’ शोधून निम्मेच भाग मिळतील.

यंत्राने होत नाही ते काम आकड्यांचं आणि नावांचं. एकोणतीस, एकोणचाळीस, एकोणपन्नास यांत घोळ होतो. ‘दीड’, ‘अडीच’, ‘पावणेदोन’ कधी अक्षरांत येतात, कधी चुकीच्या आकड्यांत. वाक्य व्याकरणाने बरोबर असल्याने नुसतं वाचताना ही चूक निसटते, म्हणून आकडा दिसला की ती ओळ ऐकायचीच. माणसाच्या नावासमोर चुकीचं विधान जाऊ नये यासाठी ‘नाही’ असलेली वाक्यंही ऐका. भरभर बोलण्यात ‘नाही’ गळतो आणि अर्थ उलटा होतो. एका तासाच्या भागाच्या अशा वाचनाला पहिल्यांदा दोन तास धरून चला.

कोण बोललं

स्वतंत्र ट्रॅक नसतील तर वक्ते वेगळे करण्याचं काम डायरायझेशन करतं. व्हिस्परमध्ये ते नाही, पायॲनोटसारखं वेगळं मॉडेल जोडावं लागतं आणि एक्सएक्सएल इंजिनात तशी सूचना आहे. चार जणांची चर्चा असेल तर वापरा, वक्त्यांची संख्या आधीच सांगता आली तर सांगा. दोघं एकदम बोलतात तिथे ते चुकणारच. निवेदक आणि एक पाहुणा एवढंच असेल तर दुरुस्ती करतानाच नावं टाकणं जास्त जलद होतं, कारण प्रश्न कोणाचा आणि उत्तर कोणाचं हे वाचताच कळतं.

प्रसिद्ध करणं

पक्क्या फाइली बॅच कन्व्हर्टने व्हीटीटी या उपशीर्षकांच्या दुसऱ्या स्वरूपातही काढून घ्या, एन्कोडिंग यूटीएफ-८ ठेवा. होस्टिंगमध्ये ट्रान्स्क्रिप्ट जोडण्याची जागा असेल तर तिथे एसआरटी किंवा व्हीटीटी चढवा. आरएसएस फीडमधल्या ट्रान्स्क्रिप्ट या टॅगमधून ती पॉडकास्ट ॲपपर्यंत जाते. संकेतस्थळासाठी टाइमस्टॅम्प काढून साधा मजकूर घ्या आणि वक्त्यानुसार परिच्छेद पाडा. दर पाच-सात मिनिटांनी एक वेळ ठेवली तर वाचणाऱ्याला हवं ते ऐकताही येतं. मजकूर एक्सेलमध्ये नेणार असाल तर सीएसव्ही फाइल बीओएमसह (सुरुवातीला एन्कोडिंग सांगणारी खूण) यूटीएफ-८ मध्ये साठवा, नाहीतर देवनागरीच्या जागी चित्रविचित्र चिन्हं दिसतील.

दुसऱ्याच्या पॉडकास्टची ट्रान्स्क्रिप्ट स्वतःच्या अभ्यासासाठी काढणं वेगळं आणि ती प्रसिद्ध करणं वेगळं. प्रसिद्ध करायची तर निर्मात्याची लेखी परवानगी घ्या. स्वतःच्या पॉडकास्टवर आलेल्या पाहुण्यालाही पक्की फाइल एकदा पाठवा. स्वतःचं, गावाचं आणि संस्थेचं नाव तो तुमच्याआधी पकडतो. त्याने सुचवलेलं प्रत्येक नाव मल्टिपल रिप्लेसच्या यादीत लगेच भरा, म्हणजे पुढच्या दहा फाइलींच्या रांगेनंतर ते हाताने सुधारावं लागणार नाही.